कोरियन शिस्त आणि मराठी निरोप

कोरिया या देशाशी माझं काही वाकडं नव्हतं. आता आहे.

झालं असं की आमच्या सियाने मला एक कोरियन मालिका दाखवली. दाखवली म्हणजे ती बघत होती आणि मी माझा चष्मा शोधायला तिथे गेलो होतो. सिया सोळा वर्षांची, जन्म नॉटिंगहॅमचा. मालिकेचं नाव मला उच्चारता येत नाही, तिला येतं. तिला कोरियनमध्ये ‘जेवलात का’, ‘माफ करा’ आणि ‘तुला कोर्टात बघून घेईन’ एवढं सगळं येतं. मराठीत मात्र ‘माझा आई’ म्हणते. गेली बारा वर्षं तिची हीच आई, म्हणजे माझी बायको नीना, शनिवारची मराठी शाळा चालवते आहे. पण तो राग वेगळा, त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मालिकेत एक सरकारी अधिकारी आहे. लांब काळा कोट, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. दर भागात तो एका बिघडलेल्या शाळेत जातो. तिथे मुलं मास्तरांना रडवत असतात आणि त्यांचे पैसेवाले बाप मुख्याध्यापकांना फोनवर झापत असतात. हा माणूस दारात येतो, बूट काढून शाळेच्या सपाता घालताना तोल जाऊन आपटतो, उठतो, कोट झटकतो आणि तासाभरात सगळ्यांना सुतासारखं सरळ करतो. शेवटी अख्खी शाळा कमरेत वाकून त्याला नमस्कार करते आणि तो एकटाच नूडल्स खायला निघून जातो.

मी उभ्या उभ्या तीन भाग बघितले. चष्मा कपाळावरच होता.

“बाबा, तू बसू शकतोस,” सिया म्हणाली.

बसायला मला वेळ नव्हता. मला माझं कार्य सापडलं होतं.

आमच्या मराठी शाळेची परिस्थिती कोरियापेक्षा वाईट होती. गैरसमज नको, आमची मुलं गुणी आहेत. अननस म्हणा म्हटलं की म्हणतात. बिघडले होते ते पालक, आणि त्यातही त्यांचा निरोप.

इंग्रज माणसाला निघायचं असतं तेव्हा तो दोन्ही मांड्यांवर हात आपटतो, “राइट!” म्हणतो आणि खरोखर जातो. मराठी माणूस आधी “चला” म्हणतो. मग बसतो. मग “चला, निघू या आता” म्हणून उठतो आणि दारापर्यंत येतो. दारात आल्यावर खरं बोलणं सुरू होतं. आत बसून झालेलं सगळं नुसती प्रस्तावना असते. कुणाचा व्हिसा अडकला, कुणाच्या आईचा गुडघा, कुठल्या दुकानात चांगली कोथिंबीर मिळते, हे सगळं एका पायात बूट आणि दुसरा हातात अशा अवस्थेत बोललं जातं. मग गाडीपर्यंत जातात. गाडीची काच खाली होते आणि कुणीतरी म्हणतं, “अगं, सांगायचंच राहिलं!”

आमची शाळा एका चर्चच्या हॉलमध्ये भरत असे. साडेबाराला सुटायची आणि हॉल सव्वा वाजता रिकामा व्हायचा. साडेबारानंतरचं बुकिंग होतं निवृत्त मंडळींच्या लाइन डान्सिंगचं, म्हणजे रांगेत उभं राहून करायच्या काउबॉय नाचाचं. पंचविसेक म्हातारी माणसं डोक्यावर काउबॉय हॅट घालून, थंडीत कुडकुडत, आमच्या गुडघ्याच्या गप्पा संपायची वाट बघत कार पार्कात उभी राहायची. इंग्रज असल्यामुळे काही बोलायची नाहीत. बोलायच्या त्या हॉलच्या सेक्रेटरी मिसेस क्लेटन, तेही ईमेलवर. पहिल्या ईमेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं, “आय अ‍ॅम शुअर धिस वॉज अ‍ॅन ओव्हरसाइट.” इंग्रजीत हे फार सभ्य वाक्य आहे. मराठीत याला गचांडी धरणं म्हणतात. दुसरा ईमेल आणखी सभ्य होता. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं की या टर्मच्या अखेरीपर्यंत साडेबाराला हॉल, दार आणि कार पार्क मोकळं झालं नाही तर पुढच्या टर्मपासून हॉल मिळणार नाही.

नीनाने तो ईमेल मला वाचून दाखवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. हा हॉल मिळवायला तिने दीड वर्ष घालवलं होतं. बाकीच्या हॉलना पार्किंग नाही, पार्किंग आहे तिथे शनिवार नाही, शनिवार आहे तिथे हीटिंग नाही. हॉल गेला म्हणजे शाळा गेली.

“मी बघतो,” मी म्हटलं.

“तुम्ही नका बघू,” नीना म्हणाली.

एवढ्या शब्दांत माझ्या कर्तृत्वाची किंमत या घरात होते. मी चिडलो आणि त्याच दिवशी स्वतःला शाळेचा शिस्त अधिकारी नेमलं.

कोरियन अधिकारी कोट घालतो आणि कामाला लागतो. मला आधी डीबीएस काढावं लागलं. या देशात मुलांच्या आसपास कुठलंही काम करायचं तर पोलिसांकडून तुम्ही सज्जन असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नीना नवऱ्यालाही सूट देत नाही. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते द्या, म्हणे. मधले काही महिने मी नोकरीसाठी बर्मिंगहॅमला माझ्या मेहुण्याच्या, प्रणवच्या घरी राहत होतो. प्रणवला फोन करून त्याचा पिनकोड विचारला तर तो म्हणाला, “पोस्टकोड म्हणतात इथे, कमलाकरभावजी.” वीस वर्षं मी इथे आहे, हा सहा वर्षांपूर्वी आला. मी फोन आपटला, आणि पोस्टकोडसाठी पुन्हा करावा लागला.

त्यानंतर सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, ऑनलाइन प्रशिक्षण आलं. शेवटी परीक्षा. ‘मूल तुमचं ऐकत नाही, तुम्ही काय कराल?’ चार पर्याय होते. मी मालिकेत जे बघितलं होतं त्याच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय निवडला. नापास झालो. चार्टर्ड अकाउंटन्सी पहिल्या फटक्यात काढलेला माणूस मी! स्क्रीनवर एक कार्टूनचं घुबड आलं आणि म्हणालं, “डोन्ट वरी, ट्राय अगेन.” त्या घुबडाला मी मराठीत जे बोललो ते सिया जिन्यातून ऐकत होती. हे शब्द मात्र तिला बरोबर कळले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचा कीथ कुंपणावरून म्हणाला, “हाय-व्हिज घाल, मेट. पिवळं जॅकेट घातलं की या देशात तुला बँकेच्या तिजोरीतसुद्धा कुणी अडवणार नाही.” माझा मित्र हरीश म्हणाला, “रस्त्यावरचे ते केशरी कोन्स लाव रे. कार पार्क वन-वे कर. लोकांना गाड्या थांबवायला जागाच मिळाली नाही पाहिजे.” हरीशची स्वतःची गाडी आमच्या दारात सगळ्यात जास्त वेळ उभी असते, हे सांगायला हवंच. तो, त्याची बायको नंदा आणि त्याची आई सुप्रभाआजी यांचा निरोप एकेकट्याचा नसतो, तिघांचा मिळून असतो. आजी नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्या दर शनिवारी दारात उभ्या राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला अडवायच्या. “काय जेवली आज? भाजी कोणती होती? कोणी केली?” त्यांना इंग्रजी येत नसे, त्यामुळे पोरांना झक मारत मराठीत उत्तर द्यावं लागे. वीस पोरं, वीस भाज्या. माझ्या हिशेबाने निम्मा उशीर या एकट्या आजींचा होता.

पहिल्या शनिवारी मी पिवळं जॅकेट घातलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि बरोब्बर साडेबाराला ती जोरात फुंकली.

इथल्या शाळांमध्ये मुलांना आगीची तालीम फार चांगली शिकवतात. सगळी मुलं पुस्तकं टाकून, तोंडातून अवाक्षर न काढता, एका रांगेत बाहेर गेली आणि हिरवळीवर पावसात उभी राहिली. काय ती शिस्त! माझा ऊर भरून आला. मग एका काउबॉय बाईने धूर कुठे दिसतोय का म्हणून छताकडे बघितलं आणि अग्निशमन दलाला फोन लावला. बंब आला. त्यांच्या अधिकाऱ्याने मला शांतपणे विचारलं, “सर, आपण नक्की कोण?”

“शिस्त अधिकारी,” मी म्हटलं. इंग्रजीत ते फारच वाईट ऐकू आलं.

त्यावर मिसेस क्लेटननी शिट्टीचं लेखी रिस्क असेसमेंट मागितलं. दिलं. कानाला धोका मध्यम, गिळली जाण्याचा धोका कमी, प्रतिष्ठेला धोका असा रकानाच नव्हता.

दुसऱ्या शनिवारी कोन्स. बाण काढले, एक आत यायची वाट, एक जायची. हरीश स्वतःच सुचवलेल्या वन-वेमध्ये उलट्या दिशेने घुसला, नव्या इलेक्ट्रिक गाडीखाली कोन अडकला आणि ती गाडी कोन फरफटवत मधोमध बंद पडली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. सगळे उतरले. आता गाड्या अडकल्याच आहेत तर म्हणून नंदाने डबा उघडला. त्या दिवशी निरोप पावणेदोनपर्यंत चालला. “तूच सांगितलंस कोन्स लाव,” मी ओरडलो. “मी इतरांसाठी सांगितलं होतं,” हरीश म्हणाला. असल्या माणसाला काय बोलणार!

मग मात्र मी दया सोडली. ग्रुपवर नियम टाकले. दारात थांबायचं नाही. निरोप आत, खुर्चीत बसून, वर्ग संपण्याआधी घ्यावा. ‘अगं, सांगायचंच राहिलं’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर सांगावं. काच खाली करू नये. दर शनिवारी मी दारात उभा राहून, जो थांबेल त्याच्या दिशेने शिट्टी मारायला लागलो.

आणि जमलं! साडेबाराला हॉल मोकळा. लाइन डान्सर मंडळी वेळेवर आत, मिसेस क्लेटनचा ईमेल आला, ‘मच अप्रीशिएटेड.’ मी तो छापून फ्रिजवर लावला. नीनाने त्यावर वाण्याची यादी लावली.

तिचं बोलणं कमी झालं होतं. मुलंही कमी झाली होती. आधी एकाला सर्दी, मग दोघांचं फुटबॉल, मग ‘सध्या जरा बिझी आहोत.’ वीसची अकरा झाली. मी म्हटलं, खरे निष्ठावंत राहिले.

“बाबा,” एकदा गाडीत सिया म्हणाली, “तो ऑफिसर बुलीजना मारतो. तू आज्यांवर शिट्टी मारतोस.”

मला फार राग आला. इतका, की मी घराचं वळण चुकलो.

टर्मचा शेवटचा शनिवार आला. निकालाचा दिवस. मिसेस क्लेटन स्वतः घड्याळ घेऊन आल्या होत्या. आज साडेबाराला सगळं मोकळं झालं की वर्षभराचं बुकिंग पक्कं. बाहेर हॅटवाल्यांची रांग. आत मी. पाच मिनिटं आधीच शिट्टी झाली. अकरा मुलं आणि त्यांचे पालक मुकाट्याने, खाली मान घालून, मयतीला आल्यासारखे बाहेर निघाले. जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं, आणि सुप्रभाआजी दारात थांबल्या. आतल्या दिशेने वळल्या.

मी त्यांच्या दिशेने शिट्टी मारली.

“मला वाजवून राहिला का रे तू?” आजी म्हणाल्या.

“आजी, प्लीज. साडेबारा झाले. आज तरी नको.”

“आजच तर आहे बाबू. मंगळवारी चालली ना मी. डॉक्टर म्हणते, आता विमान बंद. पुन्हा काही येणं होत नाही माझं. पोरांना भेटून जाते.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कुठे? ते दारात सांगतात.

बाहेर गेलेली मुलं परत आली होती. सहा वर्षांच्या वीरने आजींचा पदर धरला. “आजी, मी वांगीचा भाजी खाल्ला,” तो न विचारताच म्हणाला. “आणि काल भेंडी. आणि परवा पण भेंडी.” सगळी पोरं एकदम भाज्या सांगायला लागली. माझी सिया, जी घरात माझ्याशी हं आणि ओके या दोन शब्दांत बोलते, ती रडत रडत म्हणत होती, “आजी, मी नागपूरला येणार. तुमचा घरी राहणार. प्रॉमिस.” बारा वर्षं नीना शिकवत होती ते मराठी इथे दारात बोललं जात होतं, आणि मी पाच आठवडे तिथे शिट्टी घेऊन उभा होतो.

“कमलाकर,” मिसेस क्लेटन म्हणाल्या. “इट्स हाफ पास्ट.”

तेव्हा आजी वळल्या आणि अगदी स्वच्छ, जुन्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाल्या, “मॅडम, काइंडली ग्रँट अस टेन मिनिट्स. आय शॅल नॉट बी पासिंग धिस वे अगेन.”

पोरं थक्क झाली. हरीश कानात म्हणाला, “अरे, तीस वर्षं इंग्रजी शिकवायची ती नागपूरला. पोरांनी मराठी बोलावं म्हणून इथे गप्प बसायची.”

“आय अ‍ॅम अफ्रेड नॉट,” मिसेस क्लेटन म्हणाल्या, म्हणजे सभ्य ‘नाही’, आणि हसल्याही.

मला संताप आला. मिसेस क्लेटनचा आला, पण त्यांचं काय चुकलं होतं? साडेबारा म्हणजे साडेबारा. हरीशचा आला, त्या घुबडाचा आला, आणि ज्या देशात म्हातारीचा निरोप घ्यायलासुद्धा हॉल बुक करावा लागतो त्या देशाचा तर फारच आला. काळ्या कोटवाल्याचा सगळ्यात जास्त आला. त्याला काय, पुढच्या भागात दुसरी शाळा. मी आत गेलो, एक खुर्ची उचलली, बरोब्बर दाराच्या मधोमध ठेवली आणि म्हटलं, “आजी, बसा. सावकाश होऊ दे.”

“कमलाकर!” नीना म्हणाली. लग्नानंतर तिने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. रागाने की कशाने, मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची छाती नाही.

आजी एकेकाला जवळ घेत, प्रत्येकाची भाजी विचारत बसल्या. रांगेतल्या एका हॅटवाल्या आजोबांनी काय चाललंय विचारलं. कुणीतरी सांगितलं, म्हातारी घरी चालली आहे, कायमची. त्यांनी हॅट काढली. मग थंडी वाजली म्हणून परत घातली. सगळ्यांत शेवटी आजी माझ्याकडे आल्या. “तू काय जेवला आज?” त्यांनी विचारलं. सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं. तेवढं मी सांगून टाकलं.

घरी पोचेपर्यंत ईमेल आलेला होता. अत्यंत सभ्य. हॉल गेला.

त्यानंतरच्या शनिवारी नीनाने शाळा आमच्याच घरी, पुढच्या खोलीत भरवली. “दुसरं कुठे नेऊ?” ती म्हणाली. अकरा येतील म्हणून चटया टाकल्या होत्या. सोडून गेलेलेसुद्धा आले. जिन्याच्या पायऱ्यांवर पोरं बसली, बूट बाथरूमपर्यंत पोचले. साडेबाराला नीनाने वर्ग सोडला आणि मी सवयीने दार उघडून उभा राहिलो. “चला,” सगळे म्हणाले. मग “चला, निघू या.” मग दारात आले. दीड झाला. बाहेरची गार हवा थेट स्वयंपाकघरात जात होती. कोथिंबीर झाली, व्हिसे झाले, गुडघे झाले. ज्यांच्यामुळे आमचा हॉल गेला ती माणसं माझ्याच दारात, एका पायावर, हसत उभी होती. हरीशने तर दोन्ही बूट घातले होते आणि तरी उंबरा ओलांडत नव्हता.

“निघ ना रे आता!” मी ओरडलो.

“निघालोच,” तो म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे खरंच निघाला. खाली उतरला, गाडीकडे चालायला लागला. मागे वळून बघेना, काही सांगायचं राहिलं म्हणेना. हरीशला असं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“हरीश,” मी हाक मारली. “आजी पोचल्या का नीट?”

तो थांबला. “पोचली,” म्हणाला. “आज सकाळी फोन केला होता. म्हणाली, एवढं मोठं घर आहे, पण दारात कुणी थांबत नाही रे.”

एवढं बोलून तो गाडीजवळ तसाच उभा राहिला.

“आत ये,” मी म्हटलं.

तो परत आला आणि बूट काढायला लागला. मी दार आतून लावून घेतलं. थंडी येत होती, दुसरं काही नाही.